मोठेपणी विश्वासात वाढ होते ती नेमकी कशी?

खराडीवासी यांचा प्रश्न

सर्वांना जय ख्रिस्त. हा प्रश्न मी आमच्या पाळकसाहेबांना विचारू शकले असते, परंतु त्यांच्याकडे जाणारी बहुतेक माणसे आजारपण, लग्न, दफनविधी किंवा एखादा दाखला अशा कामासाठी जातात. माझ्यावर तसे कोणतेही संकट आलेले नसताना त्यांचा वेळ घेण्याचा मला संकोच वाटतो, म्हणून येथे लिहीत आहे.

माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले असून आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांच्या पिढीपासून आहे. रात्रीच्या जेवणाआधी वडील पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचत, ‘उपासना संगीत’मधले एक गीत होई आणि मग लहानापासून थोरापर्यंत प्रत्येक जण प्रार्थना करी. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठ केलेली वचने मला आजही संदर्भासह म्हणता येतील. लग्नानंतर आम्ही खराडीला राहू लागलो. आम्ही दोघेही आयटी कंपन्यांत नोकरी करतो आणि आमची मुलगी दुसरीत आहे. रविवारी आम्ही शहराच्या जुन्या भागातल्या एका मराठी मंडळीत उपासनेला जातो, नेहमीच्या बाकावर बसतो, प्रभुभोजन घेतो आणि गाड्यांची गर्दी होण्याआधी घराकडे निघतो.

देव नाही, असे मला कधीही वाटलेले नाही. मात्र बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी) आणि लग्न हे टप्पे पार पडल्यानंतर पुढे काय, हे कोणी सांगितलेले आठवत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा शेवट ‘कृपेत व ज्ञानात वाढत जा’ या आज्ञेने होतो. वाढणे ही गोष्ट आज्ञा म्हणून कशी पाळायची, हे मला समजत नाही. माझी प्रार्थना म्हणजे आता एक यादी झाली आहे: मुलीचा खोकला, सासूबाईंचे गुडघे, घराचे हप्ते, कंपनीतली कपात. लहानपणी पाठ केलेले शब्द म्हणू लागले की ते माझे नाहीत असे वाटते, आणि स्वतःचे शब्द शोधू लागले की यादीच बाहेर येते.

दुसरी अडचण मंडळीची आहे. फोनवर आता उत्तमोत्तम संदेश ऐकायला मिळतात आणि खरे सांगायचे तर त्यांपैकी काही आमच्या रविवारच्या उपदेशापेक्षा अधिक अभ्यासपूर्ण असतात. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणी एका मोठ्या इंग्रजी मंडळीत जातात. तेथे वाद्यवृंद आहे, तरुण माणसे आहेत, आणि तेथून परतताना मन भरून आल्यासारखे वाटते, असे त्या सांगतात. मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले होते आणि मलाही तसेच वाटले. मग मी मंडळी बदलावी का? की ही वाढ घरात, कामात आणि एकांतातल्या प्रार्थनेतही होऊ शकते? ज्यांनी हे आयुष्य माझ्यापेक्षा जास्त जगले आहे, त्यांनी कृपया लिहावे.


निवृत्त परिचारिका यांचा प्रतिसाद

तुम्ही माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या असाल. तुमच्या प्रश्नांपैकी प्रार्थनेच्या शब्दांविषयी मी लिहिते. मंडळीविषयी इतर लोक लिहितीलच, कारण त्या विषयावर आपल्याकडे कोणीही गप्प बसत नाही.

दुसऱ्याचे शब्द वापरले तर प्रार्थना खोटी ठरते, ही समजूत तुम्ही आधी बाजूला ठेवा. वधस्तंभावर आपल्या प्रभूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे म्हटले, ती पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातील बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. प्राण सोडताना त्याने पित्याच्या हाती आपला आत्मा सोपवला, ते शब्दही एकतिसाव्या स्तोत्रातले आहेत. सर्वांत कठीण घटकेला देवाच्या पुत्राने लहानपणापासून कानावर पडलेली स्तोत्रे उच्चारली. तेथे स्वतःचे नवे शब्द शोधण्याची त्याला गरज वाटली नाही, तर दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या तुम्हाला ती का वाटावी?

माझी नोकरी रुग्णालयात आणि त्यातही पुष्कळशी रात्रपाळीची होती. रात्री वॉर्डातून फेरी मारताना डोळे मिटून बसण्याची सोय नसते. त्या वेळी पाठ असलेली स्तोत्रेच उपयोगी पडली, आणि ती सगळी आनंदाची नव्हती. एकशे पन्नास स्तोत्रांमध्ये तक्रारीची स्तोत्रे किती आहेत हे आपल्या लक्षात येत नाही, कारण उपासनेत आपण तेविसावे, शंभरावे आणि एकशे एकविसावे अशी ठरावीक स्तोत्रेच पुन्हा पुन्हा वाचतो. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असे विचारीत सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते आणि त्यात आशेची एकही ओळ येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या घरात मूल आजारी आहे किंवा नोकरीची शाश्वती नाही, तेथे ही स्तोत्रे मोठ्याने वाचून पाहा. ती तुमच्या भावनेशी जुळतीलच असे नाही, आणि जुळली नाहीत तरी काही बिघडत नाही. त्या दिवशी ती दुसऱ्या कोणाची तरी प्रार्थना असते आणि तुम्ही ती त्याच्यासाठी म्हणता.

अँग्लिकन परंपरेच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रे ३० दिवसांच्या सकाळ-संध्याकाळमध्ये वाटून दिलेली आहेत. तेवढे तुम्हाला जमणार नाही आणि जमवण्याचा हट्टही धरू नये. सकाळी डबा भरण्याआधी एक स्तोत्र, ते लांब असेल तर त्याचा अर्धा भाग, क्रमाने वाचावा. आवडीचे निवडून वाचू नये. क्रमाने वाचले म्हणजे आपल्याला नको असलेली स्तोत्रेही वाट्याला येतात.

यादीविषयी म्हणाल, तर यादीची लाज वाटण्याचे कारण नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आहेच. फक्त तेथे भाकरीच्या आधी पित्याचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा येते, आणि सगळी मागणी ‘आम्हांला’ अशी आहे. मला एका वृद्ध सिस्टरने फार वर्षांपूर्वी एवढेच सांगितले होते की घरातल्या माणसांची नावे घेऊन झाली की घराबाहेरच्या एका माणसाचे नाव रोज घ्यावे, आणि ते शक्यतो न आवडणाऱ्या माणसाचे असावे. हे करून पाहा. पहिले काही आठवडे ते अगदी कोरडे वाटेल. पुढे तो माणूस समोर आला की त्याच्याशी पूर्वीसारखे तुटक बोलणे कठीण जाते, आणि माझ्या अनुभवात प्रार्थनेचा परिणाम सर्वांत आधी तेथेच दिसतो.


पंचहौदकर यांचा प्रतिसाद

ताई, वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून थेट मंडळीच्या प्रश्नाकडे येतो.

फोनवरचा संदेश आमच्या पाळकांच्या उपदेशापेक्षा चांगला असू शकतो, हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. तो जरूर ऐकावा. परंतु नव्या करारातल्या आज्ञांपैकी कितीतरी आज्ञा ‘एकमेकां’विषयीच्या आहेत. ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे पौल गलतीकरांना लिहितो. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब सांगतो. एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री लोकांस पत्रात आहे. या आज्ञा एकट्याने आणि कानात हेडफोन घालून पाळता येत नाहीत. फोनवरचा उपदेशक तुम्हाला कधीही ओळखणार नाही, तुमच्या सासूबाईंना भेटायला येणार नाही आणि तुम्ही सलग तीन रविवार दिसला नाहीत तर चौकशीही करणार नाही. त्याच्याकडून तुम्हाला ज्ञान मिळेल. पेत्राच्या ज्या आज्ञेचा तुम्ही उल्लेख केलात, तिच्यात ज्ञानाच्या आधी कृपा आहे, आणि कृपेचा अनुभव बहुधा शेजारच्या बाकावरच्या, आपण न निवडलेल्या माणसाकडून येतो.

मोठ्या इंग्रजी मंडळीत मन भरून आले, ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. संगीताने मन हलते आणि ते हलवण्यासाठीच देवाने संगीत दिले आहे. पण आपल्या मराठी मंडळ्यांकडे काय आहे याचाही विचार व्हावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि १९१९ साली ते वारले. तेवढ्या काळात त्यांनी अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची जी गीते लिहिली, त्यांच्यामुळे खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ख्रिस्ताविषयीचे गहन विचार तोंडपाठ झाले. तुमच्या वडिलांनी रोज एक गीत म्हणवून घेतले, तेव्हा तुमच्या मनात किती धर्मशिक्षण साठले असेल याचा हिशेब तुम्ही अद्याप केलेला दिसत नाही. ती गीते तुमच्या मुलीला कोठे मिळणार आहेत? आणि या मंडळ्यांमध्ये निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एकाच प्रभुभोजनाला गुडघे टेकत आली, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान नव्हती. ती पूर्णत्वाला गेली असे मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना आजही काय विचारले जाते हे आपण सगळे जाणतो.

आमच्या गुरुवार पेठेतले होली नेम चर्च १८८५ साली उभे राहिले आणि त्याच्या घंटाघराचा मनोरा पेठेत लांबून दिसतो. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता, हे पुणेकरांना सांगायला नको. हे विषयांतर वाटेल, परंतु कोण कोणाबरोबर चहा घेतो याला या शहरात केवढा अर्थ होता हे त्यावरून कळते. तुम्ही मात्र उपासना संपताच गाडी काढता. माझी सूचना अगदी साधी आहे: चहासाठी थांबा. आणि नुसते थांबू नका, तर एखादे काम अंगावर घ्या. वेदीवरची फुले, शब्बाथ शाळेतला लहान मुलांचा गट, आजारी सभासदांना रविवारी गाडीतून आणणे, यांपैकी काहीही चालेल. काम घेतले की माणसे ओळखीची होतात, त्यांचे दोष कळतात, आपलेही दोष त्यांना कळतात आणि मग क्षमा या शब्दाला काही विषय मिळतो.

आमच्या मंडळ्यांतली भांडणे मी लपवीत नाही. कमिटीच्या निवडणुका, मालमत्तेचे वाद आणि न्यायालयातले खटले यांवर खर्च झालेली शक्ती पाहिली की मन विषण्ण होते. १९७० साली नागपूरला सहा निरनिराळी मंडळे एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. वेगवेगळ्या परंपरांच्या लोकांनी आपापला हट्ट सोडला म्हणून ते घडले. एका मंडळीतल्या दोन गटांना तेवढे जमत नाही, ही शोकांतिका आहे. तरीही मंडळी बदलण्याच्या मी विरोधात आहे, कारण जेथे माणसे आहेत तेथे हेच असणार, आणि नव्या ठिकाणी ते कळायला फक्त दोन वर्षे जास्त लागतात.


वानवडीचा वाचक यांचा प्रतिसाद

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी भाषा थोडी वेगळी असेल. पंचहौदकरांचे बहुतेक म्हणणे मला पटते, परंतु शेवटच्या वाक्याशी माझा मतभेद आहे. सगळीकडे माणसे सारखीच, म्हणून कोठेही जाऊ नका, हे वाक्य निरोगी मंडळीत बसलेल्या माणसाला सहज बोलता येते. ज्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्याकडच्या स्थानिक मंडळीत, एखाद्या घटस्फोटित बाईकडे पाहून कुजबुज होते, जेथे कोणाच्या मुलाला तो कोणत्या वस्तीतून आला यावरून वेदीसेवक (उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा) होण्यापासून दूर ठेवले जाते किंवा जेथे पैशांचा हिशेब विचारणाऱ्याला गप्प बसवले जाते, तेथे राहणे ही निष्ठा आहे की भीती, हे ज्याचे त्यानेच प्रार्थनापूर्वक ठरवावे. खराडीवासी यांच्या मंडळीत असे काही असल्याचे त्यांनी लिहिलेले नाही. त्यांना फक्त कंटाळा आला आहे असे दिसते. कंटाळ्यासाठी मंडळी बदलू नये, एवढ्यापुरता मी पंचहौदकरांच्या बाजूचा आहे.

मला लिहायचे आहे ते कामाविषयी, कारण वरच्या दोन्ही प्रतिसादांत ऑफिस आलेच नाही आणि तुमच्या जागेपणीचे सर्वाधिक तास तेथेच जातात. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आपल्या संघातील लोकांना रोज दुपारी आणि रात्री थोडा वेळ थांबून दिवस तपासण्याची सवय लावली. आमच्याकडे ही पद्धत आजही शिकवली जाते, आणि ती शिकण्यासाठी कोणालाही संन्यास घ्यावा लागत नाही. मी ती संध्याकाळी मेट्रोत करतो. रामवाडीहून निघाल्यावर डबा भरेपर्यंत जो निवांतपणा मिळतो तो पुरतो. आधी आजच्या दिवसातल्या एखाद्या ठोस गोष्टीसाठी उपकार मानायचे. मग प्रकाश मागायचा, म्हणजे स्वतःला स्वतःच्या नजरेने न पाहता देवाच्या नजरेने पाहता यावे अशी विनंती करायची. त्यानंतर सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा. कोठे मन मोकळे झाले, कोठे आवळले गेले, कोणाशी आवाज चढला, हे पाहायचे. जेथे क्षमा मागायला हवी तेथे मागायची, आणि शेवटी उद्याच्या एका नेमक्या प्रसंगासाठी कृपा मागायची.

यातला महत्त्वाचा भाग शेवटचा आहे असे मला वाटते. ‘मला अधिक प्रेमळ कर’ ही प्रार्थना इतकी सैल आहे की ती पूर्ण झाली की नाही हे कधीच कळत नाही. ‘उद्या अकराच्या बैठकीत वरिष्ठ माझे कौतुक करू लागले, तर त्या कामातला अर्धा भाग माझ्या हाताखालच्या मुलीने केला आहे हे त्यांच्यासमोर सांगण्याचे धैर्य दे’ ही प्रार्थना दुसऱ्या दिवशी अकराला तुमच्यासमोर उभी राहते. कलस्सैकरांना लिहिताना पौलाने जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असे सांगितले, ते दासांना उद्देशून सांगितले होते. ज्यांना आपले काम निवडण्याची मुभाच नव्हती, अशा माणसांचे काम त्याने प्रभूच्या सेवेत मोजले. मग ग्राहकाला पाठवलेल्या अहवालातला खरेपणा, सफाई कामगाराचे नाव ठाऊक असणे आणि कपातीच्या यादीत ज्याचे नाव आले त्याच्या टेबलाजवळ जाऊन बसणे, हे सगळे तुमच्या विश्वासाच्या बाहेरचे कसे असेल?

एक इशाराही देतो. या तपासणीचे रूपांतर स्वतःला गुण देण्यात होऊ देऊ नका. आयटीतल्या माणसांना ही सवय विशेष लवकर लागते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात बी टाकून झोपी जाणाऱ्या माणसाचा दाखला आहे. बी रुजते आणि वाढते, पण ते कसे हे त्याला कळत नाही, ‘जमीन आपोआप पीक देते, पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा’. वाढत जा ही आज्ञा कशी पाळायची, असे तुम्ही विचारलेत. त्या माणसाने बी टाकले आणि कापणीची वेळ येताच विळा घातला. मधले काम त्याचे नव्हते.


खराडीवासी

सर्वांचे मनापासून आभार. स्तोत्रांचा क्रम मी सुरू केला आहे, आणि उपासनेनंतर चहासाठी थांबण्याचे यजमानांनीही मान्य केले आहे. त्यांच्याविषयी मात्र थोडे लिहायला हवे. ते विश्वासू आहेत, परंतु माझ्या माहेरासारख्या वातावरणात ते वाढलेले नाहीत. त्यांच्याकडे प्रार्थना ही खासगी बाब मानली जाई. शिवाय अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी त्यांचे कॉल रात्री नऊनंतर चालतात, त्यामुळे माझ्या वडिलांसारखी घरगुती प्रार्थना आमच्याकडे होणे शक्य दिसत नाही. मुलीला बसवले तर ती दोन मिनिटांत चुळबूळ करते. आणि आणखी एक अडचण अशी की महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत प्रत्येकीला मोठ्याने प्रार्थना करायला सांगतात. बाकीच्या भगिनी इतक्या ओघवत्या शब्दांत प्रार्थना करतात की माझी पाळी येण्याआधीच मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठते.


शब्बाथशाळा यांचा प्रतिसाद

लहान मुलांना शिकवणारी म्हणून मुलीपासून सुरुवात करते. वडिलांच्या काळचा तो सगळा क्रम तुमच्या घरात जसाच्या तसा आणण्याचा प्रयत्न करू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाचे लक्ष जेवढे टिकते तेवढीच उपासना करावी: एक कडवे, एक गोष्ट आणि तिची स्वतःची प्रार्थना. तिची प्रार्थना सुधारू नये. वर्गातल्या मांजरीसाठी ती प्रार्थना करील, तर त्यालाही आमेन म्हणावे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याविषयी जे सांगितले आहे, ते घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलण्याचे आहे. शाळेच्या बसची वाट पाहतानाची पाच मिनिटे त्यात बसतात. मुले उपासनेत जेवढे शिकतात त्याहून जास्त आईने दूधवाल्याची जास्त आलेली मोड परत केली की नाही हे पाहून शिकतात, आणि त्याविषयी प्रश्नही विचारतात. ते प्रश्न टाळू नयेत.

यजमानांच्या बाबतीत घाई करू नका. पंचहौदकरांनी नारायण वामन टिळकांचा उल्लेख केला आहेच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षे त्या घरात काय ओढाताण झाली हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पावलांनी आणि आपला विनोद बरोबर घेऊन आल्या. तुमच्या घरात तर तेवढे अंतरही नाही. रात्रीचे कॉल असतील तर सकाळचा चहा एकत्र होत असेल. त्या वेळी तुम्ही वाचलेले स्तोत्र त्यांना फक्त वाचून दाखवा आणि त्यावर काही बोललेच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका.

रोजचे काम आणि प्रार्थना यांच्यातली भिंत पाडलेली पाहायची असेल, तर सुट्टीत एकदा दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला मुक्ती मिशन पाहून या. पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की १९०५ सालच्या तेथील संजीवनाची, म्हणजे प्रार्थनेतून आलेल्या आध्यात्मिक जागृतीची, गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगितली जावीच. परंतु त्याच आवारात शेती होती, स्वयंपाकघर होते, छापखाना होता, आणि दुष्काळातून आलेल्या मुली व विधवा ही सर्व कामे शिकत होत्या. साध्या बायकांना कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे शब्दकोश उघडून बसणे आणि दुसरीकडे शेकडो माणसांच्या जेवणाची काळजी वाहणे, यांपैकी भक्ती कोणती आणि काम कोणते, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे.

आता मोठ्याने प्रार्थना करण्याविषयी. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात दोन माणसे प्रार्थना करतात. परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याची, प्रार्थना ओघवती आहे. जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची आहे: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ नीतिमान ठरून घरी कोण गेला, हे तुम्ही शब्बाथ शाळेत शिकलेल्या आहात. महिला मंडळात तुमची पाळी आली की एक वाक्य बोला, किंवा त्या सकाळी वाचलेल्या स्तोत्राच्या दोन ओळी वाचून आमेन म्हणा. तुमच्यानंतरच्या दोघी-तिघी सुटकेचा नि:श्वास टाकतील, कारण पाणी प्यायला उठणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.


निवृत्त परिचारिका

शब्बाथशाळा यांच्या लिहिण्यात फक्त एक भर घालते. मंडळात कोणी आपल्या आजाराविषयी प्रार्थना मागितली, तर आठवड्याच्या मध्यात तिला फोन करा आणि तपासणीचा अहवाल काय आला ते विचारा. पुष्कळ मंडळांत विनंत्या वहीत लिहिल्या जातात आणि पुढच्या सभेत नव्या लिहिल्या जातात. जुन्यांचे काय झाले ते कोणी विचारीत नाही.

वानवडीच्या वाचकांना एक विचारायचे आहे. दिवस तासातासाने पाहण्याची पद्धत चांगली आहे, परंतु जी माणसे मुळातच स्वतःला फार दोष देतात, त्यांना तुम्ही ती सुचवाल का? मी अशा रुग्णांना पाहिले आहे ज्यांना रात्री स्वतःचे दोष मोजण्याशिवाय दुसरे काही सुचत नसे.


वानवडीचा वाचक

तुमचा आक्षेप रास्त आहे. अशा माणसाने उपकार मानण्याच्या पहिल्या पायरीवरच थांबावे, आणि पुढचा भाग एकट्याने न करता एखाद्या अनुभवी फादरांबरोबर किंवा सिस्टरांबरोबर बोलून करावा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडेही जावे. प्रार्थना करणाऱ्याने औषध घेणे हा अविश्वास नव्हे, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगू शकाल.


पंचहौदकर

मंडळी सोडण्याच्या मुद्द्यावर वानवडीच्या वाचकांनी दिलेली उदाहरणे गंभीर आहेत आणि तशा ठिकाणी थांबा, असे मी कोणालाही सांगणार नाही. माझा आग्रह एवढाच राहील की जाणाऱ्याने न सांगता दिसेनासे होऊ नये. पाळकांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला भेटून कारण सांगावे, ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतील तर लिहून द्यावे. न बोलता गेलेल्या माणसांची नावे आमच्या वहीत वर्षानुवर्षे तशीच राहतात, आणि ती का गेली हे कमिटीत कोणी विचारले तर प्रत्येक जण आपल्या सोयीचे कारण सांगतो.

खराडीवासी ताई, पाळकसाहेबांना वेळ मागण्याचा संकोच तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिला होता. बहुतेक पाळकांकडे आठवडाभर दाखले आणि तक्रारीच येतात. विश्वासात वाढायचे कसे, असे विचारायला कोणी आले तर त्यांना ते नकोसे होईल असे मला वाटत नाही. आमच्याकडे पाळकसाहेब सोमवारी सुट्टी घेतात. तुमच्याकडचा वार विचारून घ्या.